वीत लहान, म्हणून पियानो सोडायचा?

पत्र थोडक्यात असं: ठाण्याच्या एका आईंची मुलगी १३ वर्षांची आहे. आठव्या वर्षापासून ती पियानो शिकते, सध्या पाचव्या ग्रेडच्या परीक्षेची तयारी चालू आहे. घरात खरा पियानो नाही. वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो डायनिंग टेबलवर ठेवून ती रोज दोन-अडीच तास वाजवते. काही महिन्यांपूर्वी सर सहज बोलून गेले, "हिचा हात लहान आहे, पुढे जड जाईल." मग एका साखरपुड्यात आत्याने सगळ्यांसमोर तिचा पंजा आपल्या पंजाला लावून पाहिला आणि "एवढ्याशा बोटांनी पियानो?" म्हणून हसली. तेव्हापासून मुलगी मोबाईलवर बघून बोटं ताणायचे व्यायाम करते. टेबलाच्या कडेवर बोटं फाकवून दाबते, दोन बोटांत खोडरबर अडकवून झोपते. शाळेच्या कार्यक्रमात वाजवता वाजवता ती मध्येच विसरली आणि रडत खाली उतरली. मागच्या आठवड्यात तिला डब्याचं झाकण उघडेना, तेव्हा कळलं की उजवा अंगठा आणि मनगट पंधरा दिवस दुखतंय. आईंनी मोजली तर तिची वीत १७.५ सेंटिमीटर भरली. वर्गातली एक मैत्रीण कुठलाही सूर ऐकून त्याचं नाव सांगते, हिला ते येत नाही. वडिलांचं म्हणणं, पेटी नाहीतर व्हायोलिन लावू. आणि दुसरीकडे, खरा पियानो घ्यायला म्हणून काही लाख रुपये बाजूला काढून ठेवलेत. आईंचा प्रश्न असा, की पियानो वाजवणाऱ्यांचे हात, कान, मेंदू मुळातच वेगळे असतात का? असले तर आत्ताच थांबवावं, की पियानो घेऊन टाकावा?

ताई,

तुमच्या पत्रात प्रश्न बरेच आहेत, पण मी अडखळले ते ज्या वाक्यापाशी, त्याला प्रश्नचिन्ह नव्हतं. मुलीला डब्याचं झाकण उघडेना, हे ते वाक्य. हात लहान की मोठा, कान पक्का की कच्चा, ते सगळं बोलूच. पण तेरा वर्षांच्या मुलीचं मनगट पंधरा दिवस दुखतंय आणि ती ते लपवतेय, हे आधी.

खोडरबर, टेबलाची कड, मोबाईलवरचे व्यायाम आजपासून बंद. वाजवणंही डॉक्टरांना दाखवेपर्यंत बंद. हाताचे विकार बघणारे ऑर्थोपेडिक गाठा, नाहीतर हाताचा अनुभव असलेले फिजिओथेरपिस्ट. जाताना तिचा वाजवतानाचा जुना व्हिडिओ असेल तर तो फोनवर घेऊन जा, शक्यतो बाजूने काढलेला. कोपर, मनगट, खांदा दिसले की डॉक्टरांना निम्मं तिथेच कळतं. अंगठ्याच्या बाजूने मनगट दुखणं आणि पकड ढिली होणं हे अंगठ्याच्या कंडरा (स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या) ज्या आवरणातून सरकतात त्याला सूज आली की होऊ शकतं. तान्ह्या बाळाला सतत उचलणाऱ्या आयांनाही ते होतं. तुमच्या मुलीला तेच झालंय असं मी इथे बसून सांगणार नाही. मुंग्या येतात का, बोटं बधिर होतात का, रात्री दुखण्याने जाग येते का, एवढं मात्र तिला विचारून ठेवा आणि डॉक्टरांना न विसरता सांगा. मोबाईलवर ती अंगठ्याने किती वेळ टाईप करते तेही सांगा. दोष दर वेळी पियानोचाच नसतो.

"हात तयार व्हायचा तर दुखणारच" असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. तबला शिकणाऱ्यांच्या बोटांचे सुरुवातीचे हाल बघून ही समजूत घट्ट झाली असावी. पियानोपुरतं सांगते. दमलेला हात तास-दीड तासात मोकळा होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रश धरताना जे जाणवतं ते दुखणं, आणि ते अंगावर काढून वाजवायचं नसतं.

बोटांवर जबरदस्ती करण्याची हौस जुनी आहे. १८१४ मध्ये लॉजिए नावाच्या एका शिक्षकाने 'कायरोप्लास्ट' नावाची चौकटच पेटंट करून घेतली होती. मुलांचे हात तिच्यात अडकवून त्यांना वाजवायला बसवत. रॉबर्ट शुमान हा मोठा जर्मन संगीतकार, पण त्याला आधी व्हायचं होतं वादक. विशीत त्यानेही बोटं बळकट करायला एक यांत्रिक साधन वापरलं. उजव्या हाताचं मधलं बोट ऐकेनासं झालं आणि वादक व्हायचं राहून गेलं. ते बोट साधनाने घालवलं की एखाद्या आजाराने, यावर अभ्यासकांचा वाद अजून मिटलेला नाही. साधनाने बोट सुधारलं, असं मात्र कुठल्याच बाजूचा माणूस म्हणत नाही. अलीकडचं उदाहरण लिऑन फ्लायशर या अमेरिकन वादकाचं. १९६०च्या दशकात, ऐन भरात असताना, त्याच्या उजव्या हाताची अनामिका आणि करंगळी आपोआप आत वळायला लागली. त्याने थांबण्याऐवजी रियाज वाढवला. पुढची जवळजवळ तीस वर्षं तो डाव्या हाताने वाजवायच्या रचना वाजवत राहिला, शिकवत राहिला. दोन्ही हातांची रेकॉर्ड आली ती २००४ मध्ये. तुमच्या मुलीला असलं काही होणार आहे म्हणून हे सांगत नाही, तिचं दुखणं बहुतेक साधंच निघेल. पण 'थोडं दुखतंय, अजून जोर लावू' हा विचार तिच्या डोक्यातून काढायला हे दोघे कामाला येतील. आईचं ऐकणार नाही, शुमानचं ऐकेल.

आता वितीकडे येऊ.

पियानोची एक पांढरी पट्टी साधारण २३.५ मिलिमीटर रुंद असते. एका सा-पासून वरच्या सा-पर्यंत, पट्टीच्या मध्यापासून मध्यापर्यंत, अंतर होतं साडेसोळा सेंटिमीटर. तुमच्या मुलीची वीत साडेसतरा. म्हणजे तिला सप्तक आत्ताच लागतं, ओढूनताणून का होईना. त्यापुढची नववी पट्टी लागत नसणार. आणि ती १३ वर्षांची आहे, वाढ अजून संपलेली नाही. तेव्हा सरांचं म्हणणं खोटं नाही, पण अर्धवट आहे. जड जाईल ते काय? पियानो, की पियानोसाठी लिहिलेल्या काही विशिष्ट रचना?

हा फरक समजायला एकाच रचनेची गोष्ट पुरेशी आहे. सेर्गेई राखमानिनोव हा रशियन संगीतकार आणि वादक जवळजवळ साडेसहा फूट उंच. त्याचा पंजा बारा पट्ट्या सहज गाठायचा म्हणतात. लोकांच्या मनात 'पियानिस्टचे हात' म्हणून जे चित्र असतं ते बहुतेक त्याच्याच हातांचं. त्याने १९०९ मध्ये आपला तिसरा कॉन्चेर्टो, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंदासाठीची मोठी रचना, लिहिला, जो आजही अवघडातला अवघड मानला जातो, आणि तो अर्पण केला योझेफ हॉफमन या वादकाला. हॉफमन त्या काळातल्या सर्वांत मोठ्या वादकांपैकी एक. आणि हॉफमनचे हात लहान होते! स्टाइनवे या पियानो बनवणाऱ्या कंपनीने त्याच्यासाठी किंचित अरुंद पट्ट्यांचे पियानो खास बनवून दिले होते. स्वतःला अर्पण झालेला तो कॉन्चेर्टो हॉफमनने जाहीरपणे कधीच वाजवला नाही. त्यामुळे त्याचं काही अडलंही नाही.

तोच कॉन्चेर्टो पुढे अलिसिया दे लारोचा हिने वाजवला, रेकॉर्डही केला. बार्सिलोनाची ही बाई उंचीला पाच फुटांहून कमी, पंजा छोटा. अल्बेनिस, ग्रानादोस या स्पॅनिश संगीतकारांच्या भरगच्च रचना वाजवण्यात तिचं नाव आजही पहिलं घेतलं जातं. दोघांचे हात लहान, एकाने ती रचना बाजूला ठेवली, दुसरीने वाजवली. दोघेही पियानिस्टच. हात बघून कोणी आधी काय सांगितलं असतं?

उलट प्रश्न पियानोला विचारायला हवा. सगळ्या गावाला एकाच नंबरची चप्पल विकावी तसा हा प्रकार आहे. बायकांची वीत पुरुषांपेक्षा सरासरी इंचभर कमी भरते, आणि पियानो शिकणाऱ्यांत मुलींची संख्या केवढी मोठी! मोझार्टच्या काळातल्या, म्हणजे अठराव्या शतकातल्या, पियानोंच्या पट्ट्या आजच्यापेक्षा थोड्या अरुंद होत्या, दाबायलाही पुष्कळ हलक्या. आजचं माप पक्कं झालं ते एकोणिसाव्या शतकात, मोठ्या हॉलमध्ये गडगडाट करणाऱ्या वादकांच्या जमान्यात. आता अमेरिकेत साडेसहाऐवजी सहा आणि साडेपाच इंची सप्तकाचे कीबोर्ड बनतात आणि काही विद्यापीठांत ते ठेवलेलेही आहेत. ते मागवा असं मी म्हणत नाही. पण मुलीला हे जरूर सांगा. आपला हात 'कमी' आहे असं वाटणं आणि समोरचं माप आपल्यासाठी बेतलेलं नाही हे कळणं, यात तेरा वर्षांच्या मुलीसाठी फार अंतर आहे.

लहान हाताचं रोजच्या वाजवण्यात काय करायचं, तेही सांगते, कारण असे हात घेऊन बसलेल्या पुष्कळ मुली आणि मोठी माणसंही हे वाचत असतील. रुंद कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे दूरदूरचे सूर, एकदम न दाबता खालच्या सुरापासून झर्रकन उलगडत वाजवता येते. खालचा सूर पायाखालच्या पेडलने धरून ठेवता येतो. उजव्या हाताला न पोचणारा सूर डाव्या हाताकडे देता येतो. दोनदा आलेला सूर एकदा गाळला तर ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही. ही चोरी नाही. एबीआरएसएम या ब्रिटिश परीक्षा मंडळाच्या परीक्षेत तर हात पुरत नसेल तिथे कॉर्ड उलगडायला किंवा एखादा सूर सोडायला नियमातच परवानगी आहे, कानाला ठीक लागलं म्हणजे झालं. तुमची परीक्षा ट्रिनिटी या दुसऱ्या मंडळाची असेल तर त्यांचा नियम सरांकडून वाचून घ्या. परीक्षेच्या यादीतून रचना निवडायची मुभा दोन्हीकडे असते, तिथेच निम्मं काम होतं. बाखच्या 'इन्व्हेन्शन्स' नावाच्या पंधरा छोट्या रचना बघा, एका हाताला बहुतेकदा एका वेळी एकच सूर. हायडन, मोझार्ट, बार्टोक या संगीतकारांकडे वर्षानुवर्षं पुरेल एवढं आहे.

आणि रुंद पसरलेल्या रचनाही पंजा ताणून धरून वाजवायच्या नसतातच. शोपँ या संगीतकाराचा अगदी पहिला एट्यूड, म्हणजे सरावाची रचना, उजव्या हाताने पट्ट्यांवर लांबच लांब ढांगा टाकत जातो. ज्याने तो पंजा उघडा ठेवून वाजवला त्याचा हात दुसऱ्या पानावर भरून येतो. एक सूर वाजला की हात लगेच मिटायचा, आणि पुढच्या सुराकडे बोटाने नाही तर हाताने जायचं. खोडरबर शिकवतो ते याच्या बरोबर उलट.

यात शरीराची एक गंमत आहे, तिला करून दाखवा, अर्थात हात बरा झाल्यावर. पंजा टेबलावर पालथा ठेवायचा, मधलं बोट आत दुमडायचं आणि बाकीची बोटं एकेक करून उचलायची. अंगठा, तर्जनी, करंगळी उठतात. अनामिका हलतही नाही, फार तर जराशी थरथरते. ती दुबळी असते असं नाही. हाताच्या पाठीवर तिची कंडरा शेजारच्या बोटांच्या कंडरांशी आडव्या धाग्यांनी बांधलेली असते. आणि बोटं हलवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच, ते कोपराखाली असतात, काही छोटे तळव्यात. डाव्या हाताने उजवा हात कोपराखाली धरून बोटं नाचवली तर ते कामाला लागलेले हाताला कळतात. त्यामुळे 'बोटं मजबूत करायची' म्हणून जे चालतं त्यातलं बरंचसं नुसतं हाताला शिणवणं असतं. शोपँ स्वतः शिकवायचा तेव्हा सगळी बोटं सारखी करायच्या भानगडीत पडायचा नाही. प्रत्येक बोटाची घडण वेगळी, तर तिचा आवाजही वेगळा असू दे, असं त्याचं मत. नवशिक्यालाही तो पाच पांढऱ्या पट्ट्यांवर न बसवता लांब बोटं काळ्या पट्ट्यांवर येतील अशा जागी बसवायचा, कारण हात तिथे आपोआप सैल पडतो.

आता तुम्ही एका ओळीत उरकलेली गोष्ट: डायनिंग टेबल. माझा पहिला संशय वितीवर नाही, टेबलावर आहे. घरातलं जेवणाचं टेबल साधारण ७५ सेंटिमीटर उंच असतं. पियानोच्या पट्ट्या जमिनीपासून साधारण ७२ ते ७४ सेंटिमीटरवर असतात. म्हणजे पियानोच्या पट्ट्या टेबलाच्या पातळीलाच हव्यात, आणि तुम्ही टेबलावर आणखी दहा-पंधरा सेंटिमीटर जाडीचं वाद्य ठेवलंय. त्यात जेवणाच्या खुर्चीवर बसलेली तेरा वर्षांची मुलगी. खांदे वर, कोपर खाली लोंबतंय, मनगट वर मोडलेलं, आणि असे रोज अडीच तास. दिवाणावर मांडी घालून पुढ्यात कीबोर्ड ठेवणारी मुलंही मी पाहिली आहेत, ती तऱ्हा याहून वाईट. उंची कमी-जास्त करता येईल असा स्टँड घ्या, तो पियानोच्या मानाने फारच स्वस्त पडतो. स्टूल असं, की खांदे सैल सोडल्यावर कोपर पट्ट्यांच्या पातळीला किंवा जराशी वर यावी. पाय पूर्ण टेकले पाहिजेत. टेकत नसतील तर खाली पाट ठेवा. आता कोणी तुम्हाला ग्लेन गूल्ड या वादकाचं उदाहरण देईल, की तो जमिनीपासून जेमतेम ३५ सेंटिमीटर उंचीच्या मोडक्या खुर्चीवर बसून, पट्ट्यांच्या खालून हात नेऊन वाजवायचा, वर गुणगुणायचा. खरं आहे ते. ती खुर्ची वडिलांनी त्याच्यासाठी बेतून दिलेली होती. ज्याची खुर्ची त्याला.

(मुलगी वाजवताना तोंडं करते, गुणगुणते, अशी तक्रार पत्राच्या शेवटी वडिलांच्या नावावर आहे. करू दे.)

कानाचं बघू. कुठलाही सूर कानावर पडला की त्याचं नाव सांगता येणं हे फार थोड्यांना साधतं. दहा हजारांत एक असं ढोबळ मानाने म्हणतात, वादकांत प्रमाण जास्त सापडतं. लहानपणी लवकर सुरुवात आणि थोडा आनुवंशिकतेचा वाटा, असं काहीतरी त्यामागे असतं. पण पियानो वाजवायला ते लागत नाही. पियानोचे सूर ट्यूनर लावून जातो, वादकाला ते शोधावे लागत नाहीत. लागतो तो दोन सुरांमधलं अंतर ओळखणारा कान, आणि तो रियाजाने तयार होतो. आपल्याकडे तर हे समजावून सांगायची गरजच पडू नये. आपल्या गाण्यात सा कुठेही धरतात. बाई काळी चारमध्ये गातात, बुवा काळी एकमध्ये, आणि राग तोच राहतो. श्रोत्यांना पट्टीचं नाव सांगता आलं नाही म्हणून भूप कळायचा राहत नाही. मुलीला टीव्हीवरच्या जाहिरातीची धून ऐकून कुठल्याही पट्टीपासून वाजवता येते का बघा. येत असेल तर कान उत्तम आहे, मैत्रिणीचं कौतुक तिच्या जागी.

मेंदूबद्दल विचारलंत, तर त्यात तथ्य आहे, पण लोक सांगतात तेवढं नाही. १९९५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात वयाच्या सातव्या वर्षाआधी शिकायला लागलेल्या वादकांच्या मेंदूत दोन अर्धगोलांना जोडणाऱ्या पुलाचा पुढचा भाग इतरांपेक्षा मोठा आढळला. तुमची मुलगी आठव्या वर्षी बसली. एका वर्षाने गाडी चुकली असा अर्थ यातून निघत नाही. या सरासऱ्या असतात, आणि पूल रुंद म्हणून वादन चांगलं असं त्या अभ्यासाने म्हटलेलं नाही. त्याच वर्षीचा दुसरा अभ्यास मला जास्त उपयोगाचा वाटतो. काही लोकांना पाच बोटांचा एक छोटा पाठ पाच दिवस, रोज दोन तास वाजवायला दिला. दुसऱ्या गटाने तेवढाच वेळ पट्टीला बोट न लावता नुसतं मनात वाजवलं. मेंदूतला बोटांचा भाग दोन्ही गटांत जवळपास सारखाच विस्तारला. मनातल्या गटाचं वाजवणं सुधारलंही, प्रत्यक्ष वाजवणाऱ्यांइतकं नसलं तरी. डॉक्टरांनी मुलीला दोन-तीन आठवडे हात थांबवायला सांगितलं तर तिला हेच द्या: नोटेशन मांडीवर, हात स्वस्थ, आणि डोक्यात पूर्ण रचना, बोटांच्या क्रमासकट. वाल्टर गीझेकिंग हा जर्मन वादक अशाच तऱ्हेने, आधी कागदावर वाचून, रचना पाठ करायचा.

गणित सुधारेल म्हणून पियानो लावला होता, असंही तुम्ही मधेच लिहिलंय. १९९३ मधल्या ज्या प्रयोगावरून हे पसरलं, त्यात कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी दहा मिनिटं मोझार्ट नुसता ऐकला होता, आणि आकृत्यांच्या कोड्यांत दिसलेला फायदा दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. गणितासाठी गणित करावं लागतं.

कार्यक्रमात विसरण्याचं तिला जिव्हारी लागलेलं दिसतंय. न बघता वाजवायची प्रथा फार जुनी नाही. क्लारा वीक, जिचं पुढे शुमानशी लग्न झालं, ती १८३७ मध्ये बर्लिनला पाठ वाजवायची, तर कागद न ठेवता बसते म्हणून तिला आढ्यताखोर म्हणणारे निघाले होते. पुढे तिची आणि लिस्ट या वादकाची तऱ्हाच रूढ झाली. स्व्यातोस्लाव रिख्टर विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या वादकांपैकी, तो उतारवयात हॉलमध्ये अंधार करून, एक दिवा लावून, समोर नोटेशन ठेवूनच वाजवायचा. ग्रेडच्या परीक्षेत पाठ वाजवण्याची सक्ती नसते. शाळेच्या कार्यक्रमातही कागद ठेवला तर कोणाचं काय जातं? तरी तिला पाठच वाजवायचं असेल तर सुरुवातीपासून शेवटापर्यंत पुन्हा पुन्हा वाजवून ते होत नाही. तशाने फक्त बोटांना रस्ता कळतो, आणि एक बोट घसरलं की बोटं पहिल्यापासून सुरू करायला मागतात. रचनेत सहा-सात जागा ठरवायच्या, पेन्सिलने खुणा करायच्या, आणि कोणी आकडा सांगितला की त्या जागेपासून वाजवता आलं पाहिजे. आकडा सांगायचं काम वडिलांना द्या, त्यांनाही घरात काहीतरी वाटा मिळेल. भीतीचं म्हणाल तर व्लादिमीर होरोवित्स हा नावाजलेला वादक १९५३ पासून बारा वर्षं स्टेजवर बसला नव्हता. घाबरणं हे नालायकीचं लक्षण असतं तर त्याला कोणी परत बोलावलं नसतं.

तासांचा हिशेब. शोपँ शिष्यांना दिवसाला तीन तासांच्या वर बसू देत नसे. ती मोठी, पट्टीची वादक मंडळी होती. तुमच्या मुलीला, शाळा आणि क्लास सांभाळून, हात बरा झाल्यावरही, अडीच तासांची गरज नाही. आधी दहा-दहा मिनिटं, डॉक्टर सांगतील तसं वाढवत. नंतर वीस-पंचवीस मिनिटांचे दोन-तीन तुकडे, मध्ये उठून पाणी पिणं, गॅलरीत एक फेरी. आणि सावकाश. राखमानिनोव शोपँचा एट्यूड इतक्या संथ बसवत असे, की दाराबाहेर उभ्या असलेल्या एका ओळखीच्या वादकाला ती कुठली रचना हे लवकर कळेना. साडेसहा फुटी माणसाला जे करावं लागलं ते तुमच्या मुलीने करायला काही हरकत नसावी. नखं आठवड्याला कापायची, पट्टीवर टकटक वाजतात. बाकी बदाम, तेल, गरम पाण्यात हात बुडवणं वगैरे ज्याला जे बरं वाटेल ते.

व्हायोलिन-पेटीचं वडिलांना सांगा की व्हायोलिन हाताला मवाळ नाही. डावा हात पूर्ण वळवून मान वाकडी करून तासन्‌तास धरायचं असतं. पेटीला एक हात भात्यावर जातो, दुसऱ्याचं काम तेच. मुलीला स्वतःला पेटी आवडत असेल तर खुशाल, ती काही दुय्यम नाही. पण हात लहान म्हणून हकालपट्टी, अशी वाट धरून ती तिकडे गेली तर पेटीही धड वाजणार नाही.

सरांना एकदा भेटा, मुलीला न नेता. "हात लहान आहे" यावर चर्चा नको. त्यांना विचारा, सध्याच्या रचनेत नेमकी कुठली कॉर्ड अडते ते दाखवा, आणि ती दुसऱ्या कुठल्या बोटांनी घेता येईल? चांगला शिक्षक इथे खूश होऊन पेन्सिल काढेल. मनगट दुखतंय हे त्यांना माहीत आहे का, तेही कळेल; बहुधा नसेल. दुखतंय हे ऐकूनही ते "ताण, सवय होईल" म्हणाले तर दुसरे सर शोधा, तिथे भिडस्तपणा नको. आत्यांशी भांडायचं कारण नाही. पुढच्या वेळी कोणी पंजा मागितला तर "दाखवायचा नसेल तर दाखवू नकोस" एवढं मुलीला आधीच सांगून ठेवा, आणि तिने हात मागे घेतला की तुम्ही "अगं दाखव की" म्हणू नका.

आता पैसे. आत्ता पियानो घेऊ नका. तो आज घरात आला तर मुलीला वाटेल, आता दुखतंय म्हणायची सोय उरली नाही. या सत्राची परीक्षाही जाऊ द्या, ग्रेड पुढच्या वेळी होते. स्टँड आणि स्टूल मात्र याच आठवड्यात. हात पूर्ण बरा होऊन ती दोन-तीन महिने न दुखता वाजवू लागली आणि तरीही रोज स्वतःहून बसत असेल, तर तिला घेऊन दुकानात जा. चार-पाच पियानोंवर एकच रचना वाजवायला लावा. पट्टी खाली जायला साधारण ५० ग्रॅमचं वजन लागतं, पण हे प्रत्येक पियानोत थोडं कमी-जास्त असतं, आणि लहान हाताला तो फरक लगेच कळतो; नाव आणि पॉलिश बघण्याआधी तिचं मत घ्या. जुना घेणार असाल तर त्याच दिवशी ट्यूनरला बरोबर न्या. ठाण्याच्या दमट हवेत वर्षातून दोनदा तरी तो लागणारच आहे, तो खर्च आधीच धरून ठेवा.